जोंधळे बाबूंचे पंधरा दिवस

“पंधरा दिवसांनी या.”

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता कुणी नुसतं “पंधरा” म्हटलं तरी माझ्या कपाळावर आठी चढते. म्हणणारा माणूस एकच. आमच्या शाळेचे क्लार्क कुंडलिक जोंधळे, म्हणजे सगळ्या पालमचे जोंधळे बाबू. ऐकणारे आम्ही मात्र पुष्कळ. ज्यांनी ज्यांनी आपला शिंगाच्या मुठीचा चाकू त्यांच्या हातात देण्याचा गाढवपणा केला, ते सगळे.

मी त्या शाळेत विज्ञान शिकवते. गंगाखेडहून एसटीनं रोज जाऊन-येऊन चौदा वर्षं झाली, त्यातली तेरा बाबूंच्या समोरच्या टेबलावर गेली. त्यांना कामचुकार म्हणण्याची सोय नव्हती, हाच तर खरा वैताग. पगाराची बिलं तारखेच्या आधी गेलेली असत. सकाळी रजेचा अर्ज टाकला तर मधल्या सुट्टीत सहीसकट परत. टेबलावर एक कागद शिळा राहू द्यायचे नाहीत. पण त्याच टेबलाचा खालचा खण उघडला, की या माणसाचं कॅलेंडर बंद पडत असे. त्या खणात चाकू होते.

आमच्या भागात जुन्या शेतकऱ्यांच्या खिशात मिटायचा चाकू असतो. पातं पोलादी, मूठ म्हशीच्या शिंगाची, बहुतेक आजोबा-पणजोबांनी हैदराबादच्या बाजारातून आणलेला. खिशात राहून राहून शिंगावर घामाचा नि तंबाखूचा थर बसतो. पितळी खिळ्यांना हिरवा कळंक चढतो आणि तो शिंगात उतरतो. पुढे शिंग पांढुरकं पडून त्याचे पापुद्रे सुटायला लागतात. लोक म्हणतात, गेला चाकू. बाबू म्हणायचे, “गेला कुठं? तहानलाय.” आणि तहानलेल्या त्या शिंगाला कुणी पाणी दाखवलं, की बाबूंचं डोकं फिरायचं.

त्यांची रीत ठरलेली. आधी बाभळीच्या काट्यानं फटीतली घाण काढायची. सुई चालत नाही, ओरखडा पडतो. मग चाकू कोरड्या फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या डब्यात पुरायचा, म्हणजे दाणे ओल ओढून घेतात. आठ दिवस तो तिथं झोपणार. त्यानंतर काचेच्या कपचीनं मूठ तासायची, इतक्या हळू की खाली पडतं ते पीठच. नंतर कोळशाची चाळलेली पूड आणि करडईचं तेल, घोंगडीच्या तुकड्यावर घेऊन. आणि शेवटी नुसता तळहात. तासन् तास तळहात.

मी एकदा म्हटलं, “बाबू, परभणीला पॉलिशचं मशीन मिळतं. पाच मिनिटांत चमकतं.”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “मॅडम, तुमी पोरायला पाच मिनटात विज्ञान शिकवता का?”

“नाही.”

“मग.”

हे त्यांचं “मग” म्हणजे वादाला लावलेलं कुलूप. ऑफिसच्या कामात ते अगदी शुद्ध, ‘सदर प्रकरणी’ छापाचं मराठी बोलत, पण शिंगाचा विषय निघाला की आमी-तुमी, हाय-न्हाई सुरू. हेडमास्तरांना हे कळायला दोन वर्षं लागली. तोवर त्यांना वाटायचं, ऑफिसात दोन माणसं बसतात.

शाळेत बोटाच्या ठशाचं हजेरी मशीन आलं तेव्हा आणखी एक तमाशा झाला. बाबूंचा ठसाच उमटेना. वर्षानुवर्षं शिंगावर घासून अंगठ्याच्या रेषा गेल्या होत्या. मशीन लाल दिवा लावायचं आणि बाबू त्याच्याकडे दयेनं बघायचे. मशीनवाला परभणीहून दोनदा आला. शेवटी हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला आणि एकट्या बाबूंसाठी सहीचं रजिस्टर चालू ठेवलं. ते रजिस्टर सांभाळण्याचं काम अर्थातच बाबूंकडे होतं.

आणि काच. शाळेच्या मैदानावरून चेंडू येऊन खिडकी फुटली, की शिक्षक पोरांच्या मागे धावत आणि बाबू काचेच्या मागे. तावदानाची काच तासायला उत्तम, आरशाची ठिसूळ, बाटलीची बेकार, असं त्यांचं मत. पोरांना हे बरोबर ठाऊक झालं होतं. काच फुटली की चांगल्यातली कपची निवडून ती बाबूंना नेऊन द्यायची, मग बाबू हेडमास्तरांपुढे पोराच्या बाजूनं उभे. मी वर्गशिक्षिका म्हणून ओरडायला जाऊन तोंडघशी पडले आहे, तेही एकदा नव्हे.

पण बाबूंचा स्वतःचा वैताग बघायचा असेल तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बघावा. खंडेनवमीला आमच्याकडे घरातलं प्रत्येक हत्यार धुऊन पुजतात. विळे, कुऱ्हाडी, पहारी, तसा चाकूही. बायका पितळी भांडं घासावं तसा तो चिंचेनं घासतात, पाण्यात बुडवतात, उन्हात वाळवतात आणि वर हळदीकुंकवाची बोटं ओढतात. चिंच, पाणी, ऊन, हळद. शिंगाचे चारही वैरी एकाच दिवशी घरी जेवायला. मग दसरा उलटला की बाबूंच्या दारात रांग लागते. मूठ फुगलेली, पापुद्रे उभे राहिलेले, पिवळे डाग पडलेले चाकू घेऊन माणसं उभी, आणि बाबू एकेक चाकू हातात घेऊन मालकाकडे असं बघताहेत, जणू त्यानं लेकराला उपाशी ठेवलंय.

एक म्हातारी म्हणाली, “देवापुढं घाण चाकू ठेवावा का बाबू?”

“देवाला हात जोडा की मावशी. देव म्हनला का, मला चिंच लावून दाखवा?”

एका वर्षी त्यांनी चक्क नोटीस काढली. ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, शिंगी मुठीचे चाकू खंडेनवमीस कोरडेच पुजावेत. पाणी, चिंच व हळद यांचा वापर केल्यास होणाऱ्या नुकसानीस पूजक स्वतः जबाबदार राहील.’ वर जावक क्रमांकसुद्धा. बसस्टँडवर, पिठाच्या गिरणीवर चिकटवली. कुणीतरी तिचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवला. परिणाम एवढाच झाला की ज्यांना पालममध्ये असा माणूस आहे हे माहीत नव्हतं, त्यांनाही कळलं. पुढच्या दसऱ्याला झरीपासून लोक आले. रांग दुप्पट झाली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण बाबूंचा एक नियम होता. चाकू आणून कुणीही द्यावा, न्यायला मात्र मालकानंच यायचं. आणि शाळेत नाही, घरी. आत येऊन खुर्चीवर बसायचं, चहा प्यायचा, मग चाकू हातात मिळणार. मालक आला नाही तर “पंधरा दिवसांनी या.”

बाबूंचं घर पालमच्या कडेला, बौद्धवस्तीत. दोन खोल्या, निळं दार, पुढं तुळशीइतकीच निगराणीनं वाढवलेली कढीपत्त्याची झुडपं. काकूंचा, म्हणजे बाबूंच्या बायकोचा चहा हे एक वेगळंच प्रकरण. त्यात साखर नसते, साखरेत चहा असतो. मी तिथं कितीदा गेले असेन आणि दर वेळी घोटागणिक डोळे मिटून घेतले असतील.

मला आधी वाटायचं, माणसाला मिरवायची हौस आहे. मग वाटलं, मुलगा पुण्याला असतो, घर रिकामं, चार माणसं यावीत म्हणून करत असतील. मी माझ्यापुरतं समजूतदार उत्तर शोधून ठेवलं होतं आणि त्यावर खूश होते.

काकूंचा या सगळ्यावर राग होता. त्या माझ्यासमोरच बोलायच्या. “मोठ्या मानसांनी धम्म घेतला तवा ढोरं वढायचं सोडलं, शिंगं-कातडं सोडलं. ह्यांच्या आज्यानं हत्यारं गोदावरीत टाकून दिली. अन् हे सरकारी पगाराचं मानूस, पेन ठिवून शिंग घासायलंय. वस्तीतली लोकं तोंडावर बोलत न्हाईत, येवढंच.”

बाबू हातातलं काम न थांबवता म्हणाले, “आज्यानं वेठ सोडली. हात न्हाई सोडला. मरायच्या आधी मला तळहात कसा फिरवायचा ते त्यानंच दाखवलं. तेला दुसरे म्हनायचे, कर. मला कुनी म्हनलंय का?”

“मी म्हनायलेय, करू नका.”

“मग. माझ्याच मनानं करायलोय म्हना की.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी चहाचा घोट घेतला, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

त्याच खोलीत कपाटाच्या वरच्या फळीवर एक पत्र्याचा डबा होता. दर पौर्णिमेला बाबू तो खाली काढत. आत फडक्यात गुंडाळलेले सात चाकू, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. काम पूर्ण झालेलं, मुठी अशा की उजेडात धरल्या तर आतून मधासारख्या रेषा दिसाव्यात. मालक न्यायला आलेले नव्हते. त्यातला एक कुठल्याशा कचेरीतल्या साहेबांचा. साहेबांनी शिपाई पाठवला होता. बाबूंनी शिपायाला बसवून चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत धाडलं. बाकीचे आसपासच्या गावांतल्या मोठ्या शेतकऱ्यांचे. बाबू सातही चाकूंना तेलाचं बोट लावायचे, पुसायचे, पुन्हा गुंडाळायचे.

“देऊन टाका ना बाबू, कशाला सांभाळता?”

“येतील,” ते म्हणाले.

आठवा चाकू त्या डब्यात आला तो माझ्या वडिलांचा.

आमचं घर राणीसावरगावचं. अण्णांचा चाकू त्यांच्या वडिलांनी हैदराबादहून आणलेला. अण्णांनी पन्नास वर्षं तो कोपरीच्या खिशात वागवला. ऊस सोलायचा, पेरू कापायचा, दोरी तोडायची, काही नसेल तर नुसता उघडायचा-मिटायचा. उजव्या अंगठ्याच्या जागी शिंगाला खळगा पडला होता. त्या खंडेनवमीला आईनं तो चिंचेनं असा काही घासला, की मूठ एका बाजूनं उकलली. अण्णा दोन दिवस आईशी बोलले नाहीत. मी मोठ्या फुशारकीनं म्हटलं, द्या माझ्याकडे, आमच्या ऑफिसातच माणूस आहे. नियम माहीत असून म्हटलं. मला वाटलं, बारा वर्षांची ओळख आहे, मला देतीलच.

नाही दिला. तीन महिन्यांनी काम झालं, चाकू मला दाखवला, हातातही दिला आणि परत घेतला. “अण्णांना घेऊन या.”

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, “गुडघा दुखायलाय.” ज्या गुडघ्यानं ते रोज शेतात जाऊन येत होते, तोच गुडघा. पुढच्या महिन्यात कांद्याची लागवड होती. त्याच्या पुढच्या महिन्यात कुणाचं तरी लग्न. चाकूची आठवण मात्र रोज. मला फोन आला की पहिलं वाक्य, “माझा चक्कू कुठंय?”

“पालमला आहे. जीपनं तासाभराचं काम. चहा प्यायचा नि घेऊन यायचं.”

अण्णांनी आधी पालमचा कांद्याचा भाव विचारला. मग, “चहा मी सोडलाय.”

चहा त्यांनी सोडला नव्हता. मला कारण ठाऊक होतं आणि ते तोंडानं म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. आमच्या गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेला एक कप कायम पालथा असायचा. मी लहान असताना तो घेऊन भातुकली मांडली, तर आईनं हातावर चापट मारली होती. तो कप कुणासाठी आहे हे मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही पडली नाही. पुढे केव्हातरी कप गेला. कोनाडा अजून आहे. मी विज्ञान शिकवते, पोरांना सगळी माणसं सारखी म्हणून सांगते, आणि स्वतःच्या बापाला सरळ प्रश्न विचारत नाही. याची मला लाज वाटायची आणि त्या लाजेचा राग मी बाबूंवर काढायची.

होळीच्या सुमारास आम्ही अक्कल चालवली. म्हणजे माझ्या मोठ्या भावानं. दादा म्हणाला, “मी जातो. म्हणतो, चाकू आता माझा हाय, अण्णांनी मला दिला.” मी त्याला घेऊन गेले. दादा खुर्चीवर बसला, काकूंनी चहा आणला. दादा म्हणाला, “मला शुगर हाय,” आणि कप टेबलावर राहिला. दादाला शुगर आहे हे खरं. त्याच आठवड्यात त्यानं एका लग्नात जिलब्यांचं ताट रिकामं केलं होतं, हेही खरं.

बाबूंनी कपाकडे बघितलं. चाकू काढून त्याच्या हातात दिला. “धरा.”

दादानं धरला. बाबूंनी वाकून त्याचा अंगठा बघितला, खळग्याशेजारी ठेवलेला, खळग्यात न बसलेला.

“हा अंगठा ह्या मुठीचा न्हाई. ज्यानं पन्नास वर्सं धरली त्याला घेऊन या. पंधरा दिवसांनी.”

येताना जीपमध्ये दादा पालमपासून आमच्या गावापर्यंत बाबूंना शिव्या देत होता. मीही त्यात दोन-चार घातल्या. दहा-पाच रुपड्यांचा जुना चाकू, आणि त्याचा थाट बघा! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

उन्हाळ्यात अण्णांना अर्धांग झालं. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, शब्द तुटक झाले. तरी त्या तुटक शब्दांत एक शब्द साबूत होता. डावा हात कोपरीच्या खिशावर आपटायचे आणि म्हणायचे, “चक्कू.”

जूनमध्ये शाळा उघडली त्याच दिवशी मी ऑफिसात गेले आणि बाबूंच्या टेबलापाशी उभी राहून, आवाज चढवून भांडले. तेरा वर्षांत पहिल्यांदा. माणूस अंथरुणावर आहे, बोलता येत नाही, आणि तुम्हाला तुमचा चहाचा मान पाहिजे. एवढा कसला हट्ट? तुमचा स्वभाव म्हणजे नाकापेक्षा मोती जड झालाय.

बाबूंनी हातातलं पेन टोपण लावून ठेवलं. मग शिंगाच्या भाषेत बोलले, ऑफिसच्या नाही.

“मॅडम, मी आज्यासंग राणीसावरगावला बाजाराला यायचो. सात-आठ वर्साचा असंल. आज्या लोकांचे चक्कू नीट करून द्यायचा, धम्म घेतल्यावरबी, कुनी लय गळ घातली तर. चहा मिळायचा. बाहेर, गोठ्यापाशी. पिऊन झालं की कप आमीच धुवायचा अन् पालथा ठिवायचा. आज्या म्हनायचा, नीट धू, पुढच्या येळंला आपल्यालाच हाय.”

मी म्हटलं, “कुणाच्या घरी?”

“ते इचारू नका. आठवत न्हाई. आठवलं तरी सांगनार न्हाई.” त्यांनी खालचा खण उघडला, पुन्हा बंद केला. “मी पैसे घेत न्हाई. बोलतबी न्हाई कुनाला काही. एक चहा प्या म्हनतो. माझ्या घरात. येवढंच.”

मग त्यांनी पेन उघडलं. मी वर्गावर गेले आणि फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उगाच आकृती काढत राहिले. मला स्वतःची इतकी चीड आली होती की पोरांकडे वळवेना. तेरा वर्षं मी त्या घरी चहा पीत होते आणि फक्त साखर मोजत होते.

शनिवारी गावाकडे गेले तेव्हा अण्णांच्या उशाशी बसून त्यांना सगळं सांगितलं. बाबूंचे शब्द जसेच्या तसे, कपासकट. आई मध्येच उठून स्वयंपाकघरात गेली. अण्णा वर आढ्याकडे बघत होते. ऐकलं का, समजलं का, काही कळेना. त्या दिवशी त्यांनी चाकू मागितला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं मी मनाशी म्हणाले. सोमवारी पहाटे मी निघायच्या तयारीत होते, तर डाव्या हातानं मला थांबवलं.

“जीप,” अण्णा म्हणाले. “काढ.”

दादानं आणि जीपवाल्यानं त्यांना खुर्चीसकट उचललं. बाबूंच्या दाराशी पोचलो तेव्हा बाबू बाहेर आले, जीपमधल्या अण्णांना पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. ते घाईनं म्हणाले, “उतरवू नका, तकलीफ होईल. मी चहा इथंच आनतो.” नियम त्यांनीच मोडायला काढला होता.

अण्णांनी मान हलवली. “आत.”

दोघांनी अण्णांना आत नेलं. खुर्ची ठेवून दादा बाहेर गेला आणि जीपला टेकून फोनवर बोलत राहिला. काकूंनी चहा आणला. अण्णांच्या डाव्या हातात कप थरथरायला लागला, अर्धा चहा धोतरावर. काकूंनी उरलेला बशीत ओतून दिला. अण्णांनी बशी तोंडाला लावली, ओठाच्या लुळ्या कोपऱ्यातून थोडा गळला, थोडा आत गेला. बाबू उभेच होते. अण्णांनी बशी खाली केली, मोठ्या कष्टानं शब्द जुळवले आणि म्हणाले, “लय... गोड.”

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. बाबूही हसले. मी मात्र रडत होते, तेही मला आवडलं नाही.

मग चाकू. बाबूंनी फडकं सोडून तो अण्णांच्या पुढे धरला. अण्णांनी डाव्या हातानं घेतला, अंगठ्याचा खळगा चाचपला, तो उलट्या बाजूला होता. पातं उघडायला गेले. एका हातानं मिटायचा चाकू उघडत नाही. अण्णांनी तो दातांत धरायचा प्रयत्न केला. आम्ही तिघंही बघत राहिलो. बाबूंनी हळूच तो चाकू त्यांच्या तोंडापासून काढून घेतला आणि आपल्या खिशात ठेवला.

“पंधरा दिवसांनी या,” ते म्हणाले.

मला किंचाळावंसं वाटलं. नऊ महिने. नऊ महिन्यांनी बाप त्या उंबऱ्याच्या आत आला, आणि हा माणूस म्हणतो पंधरा दिवसांनी या. अण्णांनी बाबूंकडे बघितलं. “येतो,” ते म्हणाले.

पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा कळलं. पात्याच्या पाठीशी मुठीत अर्धचंद्रासारखी खाच पाडली होती. म्हणजे मूठ दोन गुडघ्यांत धरायची आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी पातं चिमटीत धरून ओढायचं. ओरखडा पडेल म्हणून ज्या माणसानं सुई लावू दिली नव्हती, त्यानं त्या तयार, चमकत्या मुठीला स्वतः कानस लावली होती. डाव्या अंगठ्यासाठी दुसऱ्या बाजूला उथळ खळगाही केला होता. अण्णांची बोटं खाचेतून घसरली. “आनखी पंधरा दिवस,” बाबू म्हणाले. मी या वेळी तारीख वहीत लिहून घेतली. अण्णा तर खूशच दिसले.

तिसऱ्या खेपेला श्रावण लागला होता. आईनं पिशवीत पेरू दिले होते. अण्णांनी मूठ गुडघ्यांत धरली, पातं ओढलं, ते उघडलं. पिशवीतला एक पेरू मी समोर धरला. वेडीवाकडी फोड निघाली. ती त्यांनी पात्याच्या टोकावर घेऊन बाबूंच्या पुढे केली. बाबूंनी ती खाल्ली. दुसरी अण्णांनी खाल्ली. बाबू म्हणाले, “बिया लय हायत.” अण्णांनी मान डोलावली. यापलीकडे त्या दोघांत माझ्या देखत काही बोलणं झालेलं नाही.

पौषात अण्णा गेले. तोवर बाबूही निवृत्त झाले होते.

तेराव्याला घर माणसांनी भरलेलं. बाबू दुपारच्या एसटीनं एकटेच आले, स्वच्छ पांढरा सदरा, हातात पिशवी. ओसरीवर अण्णांचा फोटो, हार, समई. आणि फोटोपुढे पाटावर चाकू. दादानं ठेवला होता. हौसेनं धुऊन, वर हळदीकुंकू वाहून, शिवाय भटजींनी शिंपडलेलं पाणी त्यावर अजून थेंब थेंब उभं.

बाबूंनी फोटोला हात जोडले. मग त्यांची नजर खाली गेली. मला पुढचं सगळं दिसलं आणि मी त्यांना अडवू शकले नाही. त्यांनी भरल्या ओसरीत पाटावरचा चाकू उचलला.

“पानी लावलं,” ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सगळे वळले. “हळदबी लावली.”

कुणी काही म्हणायच्या आत ते अण्णांच्या बाजेवर बसले. सदऱ्याच्या टोकानं मूठ पुसली. पिशवीतून करडईच्या तेलाची बाटली निघाली. हा माणूस तेराव्याला तेल घेऊन आला होता, म्हणजे आमच्या घराण्याची अक्कल त्यानं पुरती ओळखली होती. आई चहा घेऊन आली, सगळ्यांना दिला त्याच स्टीलच्या पेल्यातला. त्यांच्यापुढे तो तिनं दोन्ही हातांनी धरला. बाबूंनी तेलकट हातानं पेला घेतला, चहा प्यायले आणि रिकामा पेला सरळ आईच्या हातात परत दिला. आईनं तो नेऊन धुतला.

मग बाबूंनी विचारलं, “आता हा कुनाचा?”

मी दादाकडे बघितलं. दादा खाली बघत होता. “माझा,” तो म्हणाला.

“अंगठा दाखवा.”

एवढा पन्नाशीला आलेला माणूस, मुंडण केलेला, त्यानं पाव्हण्यारावळ्यांच्या देखत अंगठा पुढे केला. बाबूंनी तो दोन्ही खळग्यांवर टेकवून पाहिला, उजव्याही आणि डाव्याही. अर्धचंद्राच्या खाचेवरून स्वतःचा गुळगुळीत अंगठा फिरवला.

“खाच तशीच ठिवतो,” ते म्हणाले आणि चाकू फडक्यात गुंडाळून खिशात टाकला. “पंधरा दिवसांनी या.”

आम्ही त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. पालमची गाडी लागलेली होती. बाबू खिडकीशी बसले, पण आमच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. चाकू पुन्हा बाहेर काढला होता आणि तळहातानं मूठ घासत होते. गाडी सुरू झाली तरी त्यांनी मान वर केली नाही.

दादा गाडीकडे बघत उभा होता.

“तिथला चहा लय गोड असतो ना?” तो म्हणाला.

“हो.”

“मला शुगर हाय.”

मला त्याचा संताप आला. अण्णांचा गुडघा आठवला, तो टेबलावर गार झालेला कप आठवला. मी तोंड उघडलं.

“बिनसाखरेचा देतेत का, ते इचार फोन करून,” दादा म्हणाला. “म्हणजे सगळा पिता येईल.”